मागून दिवस मोजणारे डॉक्टर ओगिनो

हल्ली तालुक्याच्या गावातल्या मेडिकलच्या दुकानातही एक पाकीट मिळतं. गरोदरपण तपासायची पट्टी आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. ही दिसायला अगदी तशीच, पण काम वेगळं. मूल हवं असणाऱ्या बाईचं बीज महिन्यातल्या कुठल्या दिवसांत सुटणार, याचा अंदाज ती घरच्या घरी देते. दुकानदार तिला ओव्ह्युलेशन किट म्हणतात. पाकिटात बारीक अक्षरांतला एक कागद असतो. बहुतेक जणी तो घडीही न उलगडता टाकून देतात. त्या कागदावर एक छोटासा तक्ता असतो. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येत असेल तर अकराव्या दिवसापासून तपासा, तीस दिवसांनी येत असेल तर तेराव्या, पस्तीस दिवसांनी येत असेल तर अठराव्या. नीट पाहिलं तर प्रत्येक आकड्यातून सतरा वजा केलेले आहेत. म्हणजे मोजणी पाळी सुरू झाल्यापासून पुढे चाललेली दिसते, पण तिचं मूळ शेवटाकडे आहे. पुढची पाळी कधी येणार, तिथून मागे.

ही मागून मोजायची युक्ती एका जपानी डॉक्टरांची. त्यांचं नाव क्यूसाकू ओगिनो. जपानमध्ये हे नाव घरोघरी माहीत आहे, युरोपातही आपल्या आजीच्या पिढीतल्या बायकांना माहीत होतं. पण माहीत आहे ते भलत्याच कारणासाठी. त्यांना ज्यासाठी ओळखावं असं वाटत होतं, त्याच्या बरोबर उलट कारणासाठी. ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

ओगिनो जन्मले २५ मार्च १८८२ रोजी, जपानच्या आइची प्रांतात, आज तोयोहाशी शहरात मोडणाऱ्या भागात. घर शेतकऱ्याचं, आडनाव नाकामुरा. हे दुसरे चिरंजीव. धाकट्या मुलानं दुसऱ्या घराण्यात दत्तक जायचं, तिथलं नाव चालवायचं, ही रीत तिकडे सर्रास होती. आपल्याकडेही होतीच की! पोरगा हुशार होता. तो ओगिनो घराण्यात दत्तक गेला आणि नाकामुरांचा ओगिनो झाला. मला या गोष्टीची गंमत वाटते. ज्या माणसानं पुढे आयुष्यभर मूल नसलेल्या घरांचा विचार केला, तो स्वतः एका घराण्याचा दत्तक मुलगा होता. यातून त्याला काय वाटलं असेल ते आपण आपल्या मनानं ठरवायला नको, पण वंश चालवण्याची घराघरातली ओढ त्यानं फार जवळून पाहिली होती एवढं नक्की.

तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठातून १९०९ साली ते डॉक्टर झाले. विषय निवडला बायकांच्या आजारांचा आणि बाळंतपणाचा. मग १९१२ मध्ये, वयाच्या तिशीत, निगाता या गावच्या ताकेयामा रुग्णालयात रुजू झाले. निगाता म्हणजे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. भोवती भाताची खाचरं आणि हिवाळ्यात ढीगभर बर्फ. राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठातून शिकलेल्या माणसानं अशा ठिकाणी यायचं आणि तिथेच राहायचं, म्हणजे आपल्याकडे मुंबईच्या मोठ्या कॉलेजातून शिकून कोकणातल्या एखाद्या बंदराच्या गावी आयुष्य काढण्यासारखंच.

दवाखान्यात येणाऱ्या बायका कुठल्या? शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या घरच्या, दुकानदारांच्या सुना. काहींना दर वर्षी बाळंतपण, शरीर पार पोखरलेलं. आणि काहींना मूलच नाही. जपानमध्ये त्या काळी जुनी समजूत अशी की लग्नाला तीन वर्षं होऊन सुनेला मूल झालं नाही, तर तिला माहेरी परत धाडावं. कायदा काय म्हणतो हा प्रश्न वेगळा, पण लोकांच्या तोंडी ही म्हण होतीच. आपल्याला हे समजायला जपानला जायची गरज नाही. वांझ या शब्दाला पुल्लिंगी जोडीदार आपल्या बोलीत कितीसा वापरला जातो? हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला अशा बाईला मागच्या रांगेत उभं केलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

तर अशी बाई डॉक्टरांसमोर येऊन बसली की डॉक्टरांनी तिला सांगायचं काय? इथे गोम होती. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही बाईचं बीज नेमकं केव्हा सुटतं हे ठाऊक नव्हतं. आज आपल्याला हे खरं वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातले कित्येक डॉक्टर असं समजत की बीज पाळीच्या आसपासच सुटतं. जनावरांमध्ये माजावर आल्यावर रक्त दिसतं, तेव्हा बायकांमध्येही तसंच असणार, असा तो हिशोब. त्यामुळे मूल हवं असलेल्या जोडप्याला पाळीच्या मागच्यापुढच्या दिवसांचा सल्ला मिळे, आणि नको असलेल्याला महिन्याच्या मधल्या दिवसांचा! म्हणजे दोघांचंही वाटोळं. पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी मधल्या दिवसांकडे बोट दाखवलं, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. कुणी म्हणे पाळीपासून चौदावा ते सोळावा दिवस, कुणी म्हणे अठरावा एकोणिसावा.

आकडे जुळत नव्हते कारण सगळेजण पुढून मोजत होते. सगळ्या जणींची पाळी अठ्ठावीस दिवसांनी कुठे येते? आपल्याच घरात बघा. एकीची चोवीसला, दुसरीची तीसला, तिसरीची कधी बत्तीस कधी छत्तीस. पुढून मोजलं तर प्रत्येकीचा दिवस वेगळाच येणार.

ओगिनोंनी प्रश्न उलटा केला. पाळी आल्यानंतर किती दिवसांनी बीज सुटतं हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, बीज सुटल्यानंतर किती दिवसांनी पुढची पाळी येते? आणि इथे उत्तर बऱ्यापैकी सगळ्यांचं सारखं निघालं. पुढच्या पाळीच्या आधी बारा ते सोळा दिवस. चक्र लहान असो की मोठं, बदलतो तो मुख्यतः पहिला भाग, बीज पिकण्याचा. बीज सुटल्यानंतरचा दुसरा भाग त्या मानानं स्थिर. ढोबळ हिशोबानं चोवीस दिवसांच्या बाईचं बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटेल, अठ्ठावीसवालीचं चौदाव्याच्या, पस्तीसवालीचं एकविसाव्याच्या. तिघी वेगळ्या, पण मागून मोजलं तर तिघीही चौदा.

वाचायला दोन ओळी लागल्या. शोधायला त्यांना वर्षं लागली. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, रक्तातली हार्मोन मोजायची सोय नव्हती. जिवंत बाईच्या बीजकोशात काय चाललंय हे बघायचा एकच मार्ग, पोट उघडलं जाईल तेव्हा बघणं. गाठीसाठी, आणखी कुठल्या आजारासाठी बाईची शस्त्रक्रिया होई, तेव्हा ओगिनो तिचा बीजकोश नीट न्याहाळत. बीजाचा फोड पिकलाय का, फुटलाय का, फुटून गेल्यावर तिथे जो पिवळसर गोळा तयार होतो तो ताजा आहे की जुना. मग ते तिच्या पाळीच्या तारखांशी ताडून बघत, मागच्या आणि पुढच्याही. दवाखान्याचं रोजचं काम सांभाळून हे चाललं होतं. गावातल्याच मेडिकल कॉलेजात जाऊन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही ते करत.

मला यात सर्वांत अवघड भाग वाटतो तो तारखांचा. आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात मी नोंदी लिहायला बसते. शेवटची पाळी कधी आली हा साधा प्रश्न विचारला की दहातल्या सात जणी एकमेकींकडे बघतात. मग एकादशीच्या आदल्या दिवशी, किंवा बाजाराच्या दिवशी, किंवा भावजय आली होती तेव्हा, असं करत करत तारीख काढावी लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या निगातातल्या शेतकरी बायका, समोर पुरुष डॉक्टर, आणि विषय हा! त्या बायकांनी तारखा आठवून आठवून सांगितल्या म्हणून तो शोध लागला. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

१९२४ साली ओगिनोंचा प्रबंध जपानी भाषेत प्रसिद्ध झाला. जपानच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं त्याला पारितोषिक दिलं. पण जपानी वाचणार कोण? वैद्यकाची भाषा त्या काळी जर्मन. तिथल्या लोकांना पटल्याशिवाय शोध हा शोध नव्हेच. म्हणून १९२९ मध्ये ते जर्मनीला गेले आणि १९३० मध्ये तिथल्या स्त्रीरोगशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याच सुमारास ऑस्ट्रियातले डॉक्टर हेरमान क्नाउस हेही आपल्या वेगळ्या प्रयोगांतून जवळपास त्याच उत्तरापाशी पोचले होते. म्हणून युरोपात दोघांचं नाव जोडून घेतात, ओगिनो-क्नाउस पद्धत.

आणि इथून गोष्ट फिरली.

बीज कधी सुटतं हे कळलं की दोन गोष्टी करता येतात. मूल हवं असेल तर ते दिवस साधायचे. नको असेल तर ते दिवस टाळायचे. ओगिनोंच्या मनात पहिली गोष्ट होती. जगानं उचलली दुसरी. १९३० सालीच रोमच्या पोपनी कृत्रिम साधनं वापरून संततिनियमन करायला कॅथलिकांना ठाम मनाई केली. मग भाविक जोडप्यांनी करायचं काय? नेदरलँडमधले एक कॅथलिक डॉक्टर, यान स्मुल्डर्स, यांनी ओगिनोंचा हिशोब उचलला आणि तो दिवस टाळण्याची पद्धत म्हणून मांडला. साधन काहीच नाही, फक्त कॅलेंडर आणि संयम, त्यामुळे धर्माचीही हरकत नाही. बघता बघता ती युरोपात, अमेरिकेत पसरली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी सबळ कारण असेल तर जोडप्यांनी हे दिवस पाळायला उघड मान्यता दिली. खुद्द जपानमध्येही ओगिनो-शिकी, म्हणजे ओगिनो पद्धत, याचा अर्थ मूल टाळण्याची पद्धत असाच रूढ झाला.

ओगिनोंना हे मुळीच पसंत नव्हतं. संततिनियमनाला त्यांचा विरोध होता असं मात्र कुणी समजू नये. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मूल टाळायला याहून खात्रीची साधनं असताना हा अंदाजाचा हिशोब का वापरायचा? तो चुकणार, नको असताना दिवस जाणार, आणि मग बाई गर्भपाताच्या वाटेला जाणार. सोसणार कोण, तर तीच. आपल्या नावावर हे चाललंय याचं त्यांना दुःख होतं, आणि ते त्यांनी उघडपणे मांडलंही.

त्यांची भीती खोटी ठरली नाही. फ्रान्समध्ये कॅलेंडरचा हिशोब चुकून झालेल्या मुलांना ओगिनो बाळं म्हणायची पद्धतच पडली! आकडेमोड करून पाहा म्हणजे कळेल का ते. पुढे जो हिशोब सगळीकडे शिकवला गेला तो असा, काही महिन्यांच्या नोंदी ठेवा, सर्वांत लहान चक्रातून अठरा वजा करा आणि सर्वांत मोठ्यातून अकरा. जिची पाळी सव्वीस ते एकतीस दिवसांत येते तिचे धोक्याचे दिवस आठव्यापासून विसाव्यापर्यंत. तेरा दिवस झाले. त्यात पाळीचे चार-पाच दिवस धरा, उरलं किती? नवरा ऐकणारा हवा, कॅलेंडर चोख हवं, आणि त्या महिन्यात ताप, जागरण, काळजी यांनी चक्र हललं नाही पाहिजे. मूल हवं असेल तर तेरा दिवसांची खिडकी मोठी असली म्हणून काही बिघडत नाही. नको असेल तर एका दिवसाची चूकही महागात पडते. एकच हिशोब, पण कुठल्या कामाला लावला यावर त्याचा भलेपणा ठरतो.

इथे मला आपल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांची आठवण येते. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीवही १८८२ चेच, ओगिनोंपेक्षा दोन-सव्वादोन महिन्यांनी मोठे. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, शिव्या खाल्ल्या. नको असलेलं बाळंतपण बाईवर लादलं जाऊ नये हा त्यांचा ध्यास. दोघांची कामं वरवर पाहता उलटी, एक मूल होण्यासाठी झटणारे, एक न होण्यासाठी. पण दोघांनाही एक गोष्ट दिसली होती. बाईला तिच्याच शरीराची माहिती कुणी देत नाही, आणि तिच्या अज्ञानाची किंमत तीच भरते.

ओगिनोंच्या हिशोबात एक अडचण मात्र होती, आणि ती मूल हवं असणाऱ्या बाईलाही नडत होती. पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं खरं, पण पुढची पाळी अजून आलेलीच नसते ना! मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधायचा. जिची पाळी घड्याळासारखी, तिचं जमून जातं. जिची कधी अठ्ठावीस कधी चाळीस, तिनं काय करावं? तिला महिना संपल्यावर कळतं की तो दिवस येऊन गेला.

आजची पट्टी नेमकी ही उणीव भरून काढायला बघते. ती पुढचा अंदाज बांधत नाही, शरीर आत्ता काय निरोप देतंय ते वाचते. बीज सुटायच्या आधी मेंदूच्या तळाशी असलेली एक छोटी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन एकदम भरपूर सोडते. ते लघवीत उतरतं. पट्टीला ते दिसलं की साधारण पुढच्या चोवीस ते छत्तीस तासांत बीज सुटण्याचा संभव असतो. ओगिनोंचा हिशोब मात्र इथेही लागतोच, कारण कुठल्या दिवसापासून तपासायला लागायचं हे ठरवायला तोच तक्ता आहे. पाळी अनियमित असेल तर गेल्या काही महिन्यांतलं सर्वांत लहान चक्र धरून सुरुवात करायची. जास्त पट्ट्या लागतील, पण दिवस हुकणार नाही.

आता थोडं वापराबद्दल, कारण गोंधळ इथेच होतो. आमच्या मंडळात येणारी एक सून दोन रेघा आल्या म्हणून पेढे आणायला निघाली होती. सासूबाईंनी मला फोन केला म्हणून बरं झालं. पट्टी गरोदरपणाची नव्हतीच, बीज सुटण्याची होती! दोन्ही पट्ट्या सारख्या दिसतात, वाचायची रीत वेगळी. गरोदरपणाच्या पट्टीवर दुसरी रेघ फिकी आली तरी ती धरतात. बीजाच्या पट्टीवर फिकी रेघ धरत नाहीत, कारण ते हार्मोन थोडंफार नेहमीच असतं. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद आली तरच ते दिवस आलेत असं समजायचं. रोज साधारण एकाच वेळी तपासायचं. बऱ्याच पट्ट्यांसाठी सकाळच्या पहिल्या लघवीपेक्षा दुपारची वेळ बरी पडते, आणि त्याआधी दोनेक तास तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचं नाही, नाहीतर सगळं पातळ होऊन रेघ फिकी दिसते. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐकायचं. आणि सांगितलेल्या मिनिटांतच वाचायचं, तासाभरानं कचऱ्यातून काढून पुन्हा बघायचं नाही. हसू नका, बघतात.

रेघ गडद आली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध यावा, हे बहुतेकींना माहीत असतं. कमी जणींना माहीत असतं ते हे की रेघेची वाट बघत बसायचं नसतं. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं, बाईचं बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणजे कामाचे दिवस सहा, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. त्या काळात एक दिवसाआड संबंध आले तरी पुरे. नवरा बाहेरगावी कामाला असेल, पंधरा दिवसांनी येत असेल, तर हा हिशोब त्याच्या रजेशी जुळवून घ्यावा. आमच्याकडे सुरतेला, मुंबईला कामाला असलेल्यांच्या कितीतरी बायका आहेत. त्यांना मूल न होण्याचं कारण कधी कधी एसटीच्या वेळापत्रकात असतं, आणि बोल लागतो तिच्या कुशीला.

जुन्या पोथ्यांमध्येही ऋतुकाल सांगितलाय, पाळीपासून सोळा रात्री, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. अठ्ठावीस दिवसांवालीला तो बराचसा जुळतो, हे मान्य केलं पाहिजे. पण तोही पुढून मोजलेला. पस्तीस दिवसांवालीचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं, तोवर सोळा रात्री संपून गेलेल्या असतात. ती पोथी पाळत बसली तर दर महिन्याला हुकणारच. आणि त्याच पोथीतल्या सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी या गोष्टीला तर काडीचा आधार नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषबीजावर ठरतं. पट्टीवरून दिवस निवडून मुलगा होईल असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

पट्टीच्या मर्यादाही ऐकून ठेवा. बीज सुटण्याचा निरोप निघाला एवढंच ती सांगते, बीज खरंच सुटलं की नाही ते सांगत नाही. ज्यांना पीसीओडीचा त्रास आहे त्यांच्यात हे हार्मोन कधी कधी मुळातच जास्त असतं, मग पट्टी रोजच गडद दाखवते आणि बाई वेडीपिशी होते. पाळी जायच्या वयाला आलेल्या बाईतही तसंच. मूल होण्यासाठी डॉक्टरांचं इंजेक्शन चालू असेल तरी पट्टी फसवू शकते, त्यांना विचारल्याशिवाय वापरू नये. गर्भनलिका बंद असेल तर पट्टीला ते कळत नाही. आपल्याकडे पोटातल्या टीबीमुळे नलिका बंद झालेल्या बायका कमी नाहीत.

आणि नवऱ्याबद्दल पट्टी एक अक्षर बोलत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी, ना सुई ना भूल. तरी ती शेवटी होते. आधी सुनेची सोनोग्राफी, तिच्या नलिकांची तपासणी, तिचे उपास, तिचे नवस, आणि हे सगळं संपल्यावर मग, बघू या, त्याचंही एकदा करून घेऊ! मी मंडळात आता सरळ सांगते, दोघांची तपासणी एकाच आठवड्यात. एक वर्ष प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर तेवढीही वाट पाहायची नाही. पट्ट्यांवर पट्ट्या आणून वर्षं घालवणं हे औषध नव्हे. आणि ज्यांना मूल नको आहे त्यांनी तर या पट्टीच्या भरवशावर अजिबात राहू नये. ओगिनोंनी हेच तर सांगून सांगून घसा कोरडा केला होता.

त्यांचं पुढचं आयुष्य निगातातच गेलं. जगभर नाव झाल्यावरही ते विद्यापीठाच्या खुर्चीवर जाऊन बसले नाहीत. ताकेयामा रुग्णालयातच राहिले, पुढे तिथले प्रमुख झाले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेतही त्यांनी सुधारणा केली. जपानच्या डॉक्टर मंडळींत त्यांना या कामासाठीही मान आहे. म्हणजे मूल व्हावं म्हणून आलेली सून आणि अंगावरून जातंय म्हणून आलेली तिची सासू, दोघीही एकाच दारात येत असणार. निगाता शहरानं त्यांना आपलं मानाचं नागरिक केलं.

१ जानेवारी १९७५ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते निगातात वारले. त्या गावात त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे. बीज सुटण्याची घरी करायची पट्टी दुकानांत आली ती त्यांच्या माघारी, १९८० नंतरच्या दशकात.